एक्क्याण्णव सोमवार

आमच्या प्रयोगशाळेत सोमवारचा पहिला थेंब महानंदाबाईंचा असायचा. त्याआधी कुणी चहाला हात लावायचा नाही, कुणी यंत्राचं बटण दाबायचं नाही. साडेनवाला बाई यायच्या, पदराला हात पुसून डाव्या हाताची अनामिका पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "घ्या सर, बोहनी करा." मी सुई टोचायचो, थेंब इलेक्ट्रोडवर ठेवायचो. यंत्रावर आकडा उमटायला दीड मिनिट लागायचं. बाई तेवढंही थांबायच्या नाहीत. "सव्वीसच असंल, बघायचं काय त्यात," असं म्हणत त्या चहा टाकायला निघून जायच्या. आणि आकडा सव्वीसच यायचा.

प्रयोगशाळा म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. लातूरच्या एका कॉलेजातली मागची खोली. आधी तिथं खेळाचं सामान ठेवायचे. कबड्डीच्या गुणांचा फळा भिंतीवर तसाच होता, त्यावर आम्ही समीकरणं लिहायचो. माणसं तीनच. मी, नागनाथ उटगे, जीवरसायनाचा प्राध्यापक, तेव्हा छप्पन्न वर्षांचा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. तबस्सुम शेख, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. आणि महानंदा बिराजदार. कागदोपत्री त्या परिचर होत्या. काचसामान धुणं, तूर भिजवणं, फ्रिजचं तापमान लिहून ठेवणं ही त्यांची कामं. खरं तर ती खोली त्याच चालवायच्या.

तूर कशाला, असं कुणीही विचारेल. सांगतो. आपण खातो त्या प्रथिनांचं शरीरात जे उरतं, त्यातला एक भाग म्हणजे युरिया. चुलीतली राख जशी रोज काढावी लागते, तसा हा युरिया मूत्रपिंडं रक्तातून काढत असतात. मूत्रपिंडं थकली की तो रक्तात साठू लागतो. माणसाला मात्र दहा दहा वर्षं काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रक्तातला युरिया घरच्या घरी, स्वस्तात मोजता यावा, असं आमच्या डोक्यात होतं.

तुरीच्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं, म्हणजे एन्झाइम. युरिया दिसला की त्याचे तुकडे करायचे, एवढंच त्याला येतं. दुसऱ्या कशाकडे ते ढुंकूनही बघत नाही. हे विकर आम्ही तुरीतून काढून कार्बनच्या बारीक पट्टीवर, म्हणजे इलेक्ट्रोडवर बसवलं. त्यावर रक्ताचा थेंब पडला की विकर युरिया तोडतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि पट्टीवरचा विद्युतदाब हलतो. जितका युरिया जास्त तितका दाब जास्त हलणार. तो मोजायचा की झालं. लातूरला तुरीची काय कमी! बाई डाळमिलच्या समोरून घमेलंभर घेऊन यायच्या.

अडचण एकच. विकर मरतं. तेही प्रथिनच, उघड्यावरच्या दुधासारखं नासतं. अर्धं विकर मेलं की तोच थेंब अर्धाच आकडा दाखवणार. म्हणून अशा पट्ट्या जगभर थोड्या दिवसांत फेकून द्यायच्या, अशीच रीत होती. तबस्सुमनं बाभळीच्या डिंकाचा एक पातळ पापुद्रा शोधून काढला, ज्यात विकर टिकतं असं वाटत होतं. किती टिकतं ते पाहायला आम्ही सहा इलेक्ट्रोड बाजूला काढले. सप्टेंबर २०२८ पासून दर सोमवारी तेच सहा, धुऊन पुसून, पुन्हा पुन्हा.

सोमवार बाईंमुळे. बाई सिद्धेश्वराचा सोमवार धरायच्या. रविवारी लवकर जेवण आणि सोमवारी उपाशीपोटी कामावर. उपाशीपोटीचं रक्त, तेही तब्येतीनं ठणठणीत बाईचं, आयतं समोर. पहिल्या महिन्यात त्यांचं रक्त आम्ही मोठ्या हॉस्पिटलातही पाठवलं. चारही वेळा सव्वीस. आमच्या यंत्रावरही सव्वीस. त्या दिवशी तबस्सुमनं कबड्डीच्या फळ्यावर 'बाई २६' असं लिहिलं, आणि ते पुढे कुणी पुसलं नाही.

बाईंच्या थेंबानंतर त्याच इलेक्ट्रोडवर बाटलीतला थेंब जायचा. बाटली म्हणजे आम्हीच तोलूनमापून केलेलं युरियाचं पाणी. त्याचं उत्तर ठरलेलं, चाळीस. वहीत दोन रकाने होते, बाई आणि बाटली. बाईंचा रकाना सरळ जात होता. बाटली मात्र दोनेक महिन्यांत अडतीसवर आली, जानेवारीत छत्तीसवर.

"पाणी बदला," मी म्हणालो. पाणी बदललं. मग युरियाची पूड जुनी आहे म्हणून नवी मागवली. पूड पाठवणाऱ्या माणसाला मी फोनवर असं झापलं की तो बिचारा पुढे आमचा फोनच उचलेना. नवी पूड आली, तरी बाटलीची घसरण सुरूच. मग फ्रिजला दोष दिला. मग उन्हाळ्याला. बाटली बत्तीसवर आली तेव्हा एकदा तबस्सुम वही घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"सर, मावशींचं रक्त एकदा हॉस्पिटलात पाठवून बघू या का? पहिल्यासारखं."

"कशाला?"

"नाही, म्हणजे... दोन रकाने जुळत नाहीत. कुणीतरी एक चुकतंय."

मी हसलो. तो हसण्याचा आवाज आजही माझ्या कानात आहे. "अगं, बाटली बिघडते. बाई बिघडतात का कधी?"

तिकडून मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवत बाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय गं, तबसुम?"

तिघेही हसलो. विषय संपला. पुढे बाटली बिघडली की आम्ही चिडवायचोही, 'आज बाटलीचं डोकं फिरलंय' असं. वर्षाच्या शेवटी बाटलीचा रकाना आम्ही धरायचाच नाही असं ठरवलं. एक्क्याण्णव सोमवारांनंतर निष्कर्ष लिहिला: डिंकाच्या पापुद्र्यात विकराची शक्ती एकवीस महिने जराही घटत नाही. परदेशातल्या मासिकानं तो छापला. तबस्सुमची पीएच.डी. झाली. बाईंनी सगळ्या कॉलेजाला पेढे वाटले. आपलं रक्त जगात छापून आलं, असं त्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरल्या.

ते दिवस मला फार आठवतात. रिटायर झालेल्या माणसाला सगळेच जुने दिवस सोन्याचे वाटतात, हे मला कळतं. पण त्या खोलीत खरंच सुख होतं. दसऱ्याला बाई टोपलीभर सीताफळं आणायच्या, आम्ही तिघं मिळून ती फस्त करायचो आणि बिया काचेच्या बशीत मोजायचो. जानेवारीत त्यांच्या भावाच्या शेतावर हुरडा असायचा. मी २०३२ ला निवृत्त झालो, खोलीला कुलूप लागलं, बाई औशाला मुलीकडे, सुवर्णाकडे, राहायला गेल्या. लातूर ते औसा वीस किलोमीटर. नऊ वर्षांत मी एकदाही गेलो नाही. फोन करायचो आधी, मग दिवाळीला, मग तेही राहिलं. याला माझ्याकडे काही कारण नाही.

तबस्सुम पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या पदावर गेली. तिच्या हाताखाली टिकली तयार झाली. आता घराघरांत दिसते ती. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, कुंकवाच्या टिकलीएवढी, खाली केसांपेक्षा बारीक सुया. टोचलेलं कळतही नाही. आत आमचंच विकर, आमचाच डिंक. आकडा फोनवर येतो. ही टिकली दर महिन्याला बदलावी लागते आणि महिन्याभरापुरती ती अगदी बिनचूक आहे.

यंदा कंपनी वर्षभराची टिकली आणणार होती. पहिल्या अडतीस हजार टिकल्या ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांसाठी होत्या. उन्हातान्हात, पुरेसं पाणी न पिता, सहा सहा महिने घाम गाळणाऱ्या या लोकांची मूत्रपिंडं तरुणपणीच जातात, आणि उसाच्या फडावर कोण दर महिन्याला टिकली बदलत बसणार? दसरा झाला की टोळ्या निघतात. त्याआधी एकदाच चिकटवायची आणि वर्षभर निर्धास्त. तबस्सुमनं फोन केला, "सर, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी कार्यक्रम आहे. तुम्ही आणि मावशी दोघंही पाहिजेत. आणि ती वहीसुद्धा. काचेच्या पेटीत ठेवणार आहोत."

वही माझ्या लोखंडी कपाटात होती. ती काढून टेबलावर ठेवली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीभर सीताफळं घेऊन औशाच्या एसटीत बसलो. मनात म्हटलं, बाई खूश होतील.

दार बाईंनीच उघडलं. मी ओळखलंच नाही. अंग वाळलेलं, चेहरा मात्र सुजलेला, रंग मातकट. डाव्या हातावर कोपराच्या खाली एक शीर अंगठ्याएवढी फुगलेली.

"सर! कधी आलाव? या की आत, दारात काय उभारलाव." आवाज तोच होता. "इसरलाव म्हणलं आम्हाला."

सोनं दिलं-घेतलं. मी पिशवी पुढे केली. बाईंनी एक सीताफळ हातात घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि पिशवीत परत ठेवलं.

"नातीला देते. मला चालत नाही आता. डॉक्टरनं बंद केलंय. केळं, नारळपाणी, सीताफळ, समदं बंद. पाणीसुद्धा मोजून." फळीवरची लिटरची बाटली त्यांनी दाखवली. दिवसभराचं पाणी तेवढंच. "किडन्या गेल्या की, सर. तीन वर्षं झाली, डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार लातूरला जावं लागतं. उपास सुटला, पर सोमवार काही सुटला नाही बघा."

आणि त्या हसल्या.  कधी कळलं, कसं कळलं, असं काहीबाही विचारत राहिलो.

"पाय सुजायले म्हणून गेले होते. डॉक्टर म्हणले, हे आजचं नाही, आठ-नऊ वर्षांपासनं हळूहळू चाललंय. बीपीमुळं. तुम्ही तवाच का आला नाहीत म्हणले. आता मला कसं कळावं? मी तर दर सोमवारी सव्वीस होते."

त्या हे अभिमानानं म्हणाल्या. मी चहाचा कप खाली ठेवला. कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं, कसाबसा निरोप घेतला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून बोटं मोजत होतो. आज २०४१. बाईंना कळलं तीन वर्षांपूर्वी, त्याच्या आठ-नऊ वर्षं मागं म्हणजे २०२९, २०३०. तेव्हा बाईंचा युरिया वाढत असला पाहिजे. मग आमच्या यंत्रावर सव्वीस कसा येत होता? औशाच्या बाहेर गाडी निघेपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेंभीच्या फाट्याला उत्तर आलं.

विकर मरत होतं. आपल्या गतीनं, जसं मरायचं तसंच मरत होतं. त्यामुळे आकडा घसरायला हवा होता. पण त्याच वेळी बाईंच्या रक्तातला युरिया चढत होता. घसरण आणि चढण एकमेकींना खाऊन टाकत होत्या, आणि वर दिसत होता सव्वीस. सरळ, सुरेख, एक्क्याण्णव सोमवार. ज्याला आम्ही विकराची ताकद समजलो, तो बाईंचा आजार होता.

घरी येऊन वही उघडली. बाटलीचा रकाना तिथंच होता. आम्ही तो धरला नव्हता, पण पुसलाही नव्हता. चाळीस, अडतीस, छत्तीस, बत्तीस, सव्वीस आणि शेवटच्या सोमवारी वीस. इतकं साधं गणित की शाळेतलं लेकरू करेल. बाटली चाळिसाच्या जागी वीस दाखवते, म्हणजे विकर निम्मं मेलेलं आहे. निम्म्या विकरानं बाईंना सव्वीस दाखवलं, म्हणजे बाईंचा खरा युरिया बावन्न. चाळीसच्या पुढे गेला की डॉक्टर कान टवकारतात. त्या वेळी नुसती बीपीची गोळी सुरू झाली असती, मीठ कमी झालं असतं, तरी हे डायलिसिस कितीतरी वर्षं पुढे गेलं असतं. एक नवा इलेक्ट्रोड लावून पाहायला पाच मिनिटं लागली असती. मी हसलो होतो.

मग मंगळवार आठवला. अडतीस हजार टिकल्या.

तबस्सुमला फोन लावला. ती आधी ऐकूनच घेईना.

"सर, आम्ही काय डोळे मिटून बसलोय का? भट्टीत ठेवून चाचणी केलीय. उष्णतेत सहा आठवडे म्हणजे फ्रिजबाहेरचं वर्ष."

"भट्टीत घट दिसली का?"

"दिसली. पण एआयनं ती भट्टीची चूक म्हणून काढून टाकली. खऱ्या काळातली एवढी लांब नोंद जगात फक्त आपलीच आहे ना, सर. एआयला तीच शिकवलीय. ती सांगते घट नाही, म्हणून..."

"म्हणजे आपण बाटलीचं केलं, तेच त्यानं भट्टीचं केलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, बाटलीचा रकाना वाचा. पहिल्यापासून."

मी वाचत गेलो. एक्क्याण्णव आकडे.  वीसवर आलो तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज आला. तिचा प्रबंध, तिची तेरा वर्षं, कंपनीतलं नाव, सगळं त्या सव्वीसवर उभं होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल की मंगळवार होऊन जाऊ द्या, मग बघू. मी त्यासाठी शब्द जुळवत होतो.

"मी तेव्हा विचारलं होतं, सर," ती म्हणाली.

"हो. विचारलं होतंस."

"वर्षाची टिकली थांबवते मी. आजच. टोळ्यांना महिन्याच्याच देऊ, बदलायला माणसं पाठवू फडावर, काय करायचं ते करू. प्रबंधाचं विद्यापीठाला मी लिहून कळवते." मग नाक ओढत म्हणाली, "पण मावशींना कोण सांगणार?"

सांगायला मीच हवा होतो. तरी सोमवारी सकाळी ती पुण्याहून गाडी घेऊन आलीच. बाईंची डायलिसिसची गाडी अकराला होती. आम्ही नऊला पोचलो. तबस्सुमला बघून बाईंनी स्वतःच्या काडीसारख्या हातांनी तिचा गाल कुरवाळला. "किती वाळलीस गं पोरी," म्हणाल्या. तबस्सुमनं मान खाली घातली.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच, विकर कसं मरतं आणि दोन गोष्टी एकमेकींना कशा झाकतात. बाई दहावी शिकलेल्या, पण चार वर्षं त्या खोलीत वावरलेल्या. माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्यांनी बाटलीच्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं आणि वीसवर थांबवलं.

"म्हणजे सर, बाटली बिघडली नव्हती," त्या म्हणाल्या. "मी बिघडले होते."

मी मान हलवली. 

बाईंनी फळीवरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "तीन वर्षं पाणी मोजून प्यायलेय मी. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटती. नातीनं माठातलं पाणी पिलं तरी मी तोंड फिरवते." आवाज चढला नव्हता, पण त्यात माया नव्हती. नऊ वर्षं मी ज्या आवाजाला चुकवत आलो होतो, कदाचित तो हाच. "सर, पाच मिंटं लागली असती म्हणताव?"

"पाच मिनिटं."

"मग केलं का नाही?"

"तुमच्यावर विश्वास होता म्हणून," मी म्हणालो. म्हणताना मलाच लाज वाटली. "आणि मी शहाणा होतो म्हणून. तबस्सुमनं विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं. चूक माझी आहे, महानंदाबाई. माफ करा असं म्हणायलाही मला तोंड नाही."

बाईंनी वहीची पानं मागं उलटली. एका पानावर थांबल्या.

"ही जानेवारी का? दादाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला गुळाच्या खड्यानं ठसका लागला होता. तवा किती होतं माझं, खरं?"

बाटली छत्तीस. मी मनात भागाकार केला. "एकोणतीस."

"अन् हे? सुवर्णाच्या लग्नाच्या आठवड्यातलं. मे."

"साडेबत्तीस."

"हळदीत नाचले होते मी," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या संक्रांतीला? मी तबसुमला बांगड्या भरल्या होत्या बघा. हिनं काचेचं भांडं फोडलं होतं."

"चाळीस," तबस्सुमच म्हणाली. तिनं तो सोमवार आधीच मोजून ठेवला होता. "त्या दिवशी रेषा ओलांडली, मावशी."

बाई त्या पानाकडे पाहत राहिल्या. मीही पाहत होतो. जे दिवस मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो, त्या प्रत्येकाच्या पोटात एक आकडा होता. हुरड्याचा एकोणतीस, हळदीचा साडेबत्तीस, बांगड्यांचा चाळीस. आम्ही हसत होतो तेव्हा तो चढत होता. तरीही ते दिवस मला खोटे वाटेनात. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

"ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय केलंव?" बाईंनी एकदम विचारलं. "माझी धाकटी नणंद जाती दरसाल. तिच्या घरी परवा टिकलीचा कागद आला होता."

"थांबवलंय सगळं," तबस्सुम म्हणाली. "महिन्याचीच देणार आता. ती बरोबर दाखवते."

"बरं केलंव." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "मग हेही नीट लिहा. खोडायचं नाही. तुम्हीच सांगायचाव की, चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, बाजूला खरा आकडा, खाली सही अन् तारीख."

"हो."

"लिहा मग. एक्क्याण्णवच्या एक्क्याण्णव. मी करते सह्या."

मी पेन काढलं. तबस्सुम आकडे सांगत होती, मी प्रत्येक सव्वीसवर रेघ मारून बाजूला खरा आकडा लिहीत होतो, आणि बाई प्रत्येक पानाखाली 'म. बि.' अशी सही करत होत्या, पूर्वी फ्रिजच्या तक्त्यावर करायच्या तशी, म ला लांब शेपूट काढून. सुवर्णा मध्येच अर्धा अर्धा कप चहा ठेवून गेली. साडेदहा वाजून गेले तेव्हा शेवटचं पान आलं. बावन्न.

त्याच्याखाली अर्धं पान कोरं होतं. बाईंनी ते पाहिलं.

"तबसुम, नवी पट्टी आणलीस का?"

"आहे, मावशी. कालच केलेली. नव्या बाटलीवर तपासूनच आणलीय, यंत्रही आणलंय."

बाईंनी पदराला हात पुसला आणि सवयीनं डावी अनामिका पुढे केली. मग फुगलेल्या शिरेकडे बघून तो हात मागं घेतला. त्या हाताला आता डायलिसिसशिवाय दुसरी सुई लावायची नसते. उजवा पुढे केला.

"घ्या सर. बोहनी करा."

माझी सुई धरायची सवय मोडली होती. तबस्सुमनं माझं मनगट धरलं. सुई टोचली, थेंब पट्टीवर ठेवला. दीड मिनिट. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. बाई उठल्या नाहीत. चहाकडे बघितलं नाही. सव्वीसच असंल असं म्हणाल्या नाहीत. खुर्चीत पुढे वाकून त्या यंत्राच्या काचेकडे बघत होत्या, आणि चष्मा नसल्यामुळे त्यांना आकडा दिसत नव्हता.

"किती आला, सर?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत बाईंनी आकडा पहिल्यांदाच विचारला होता.

"एकशे अठरा," मी म्हणालो.

"खरा?"

"खरा."

"मग लिहा," त्या म्हणाल्या, आणि सही करायला त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं.